ओझ्याचा हिशेब : मेदेयीनच्या औद्योगिक इतिहासाची प्रस्तावना

कोलंबियात कॉफीचा देशांतर्गत भाव आजही १२५ किलोच्या 'कार्गा'वर सांगितला जातो. कार्गा म्हणजे एका खेचराचे ओझे. पाठीच्या दोन्ही अंगांना साडेबासष्ट किलोचे एकेक पोते. डोंगरात रस्ते झाले, ट्रक आले, माप मात्र खेचराचेच राहिले. मेदेयीन शहराच्या आर्थिक इतिहासात नव्याने शिरणाऱ्याने हे माप हाताशी ठेवावे, असा माझा आग्रह आहे. कोणती वस्तू स्वतःच्या वाहतुकीचा खर्च सोसते आणि कोणती सोसत नाही, हा प्रश्न विचारत गेले की या शहराबद्दलची बरीच कोडी सुटतात.

सगळ्यात मोठे कोडे म्हणजे हे शहर गिरण्यांचे झालेच कसे? अँडीजच्या मधल्या रांगेत, सुमारे १५०० मीटर उंचीवरच्या अरुंद आबुर्रा खोऱ्यात ते वसले आहे. बंदर नाही. देशाचा जुना जलमार्ग असलेली माग्दालेना नदी गाठायची तर डोंगर उतरून जावे लागते. गिरण्यांचे यंत्र अटलांटिक ओलांडून, नदीतून वर येऊन, मग घाट चढून यायचे. तरीही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कोलंबियातल्या कापडधंद्याचे केंद्र हेच होते. १९०५ साली इथे साठ हजारांच्या आसपास वस्ती होती. १९५१च्या गणनेत ती साडेतीन लाखांवर गेली आणि १९६४मध्ये पावणेआठ लाखांच्या घरात.

आपल्याकडे या शहराचे नाव पोहोचले ते कोकेन-तस्कर पाब्लो एस्कोबारवरच्या मालिकांमधून. १९९१ साली इथे दर लाख लोकांमागे साडेतीनशेहून अधिक खून झाले; तो काळ विसरण्याजोगा नाही. पण एस्कोबारपासून सुरुवात केली की त्याआधीचे सगळे नुसती पार्श्वभूमी होऊन बसते. म्हणून मी त्याला दाराशीच थांबवतो.

या शहराची उद्योजकता आली कुठून, हा जुना वाद आधी समजून घ्यावा, कारण तो अजून मिटलेला नाही. मेदेयीन ज्याची राजधानी, त्या अंतियोकिया प्रांतातल्या लोकांना पाइसा म्हणतात. ते कष्टाळू, काटकसरी, व्यवहारात पक्के, अशी त्यांची ख्याती, आणि ती पसरवण्यात त्यांचा स्वतःचा वाटा मोठा. त्यांचे पूर्वज धर्मांतरित ज्यू होते म्हणून धंद्याची नजर रक्तात आली, अशी आख्यायिकाही आहे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ एव्हरेट हेगन यांनी १९६२च्या आपल्या ग्रंथात या ख्यातीला मानसशास्त्राची जोड दिली: देशातल्या इतर प्रतिष्ठितांनी या लोकांना कमी लेखले, आणि त्या सलातून उद्योजकता जन्मली. इतिहासकार फ्रँक सॅफर्ड यांनी उलट विचारले: मान नव्हता म्हणता, पण पैसा होता ना? तो सोन्यातून आणि व्यापारातून आला होता. पुढे अॅन ट्विनम यांनी वसाहतकाळची कागदपत्रे चाळून ज्यू मुळाच्या आख्यायिकेचाही समाचार घेतला. माझे मत सॅफर्ड यांच्या बाजूचे आहे. हेगन यांचे उत्तर टिकले नाही. पण ते खोडायला अभ्यासकांच्या दोन पिढ्या दप्तरखान्यात जाऊन बसल्या, हे काही थोडे नाही.

सोने ओझ्याच्या हिशेबात अचूक बसते. मूठभर सोन्याची भुकटी खोगिराच्या पिशवीत मावते आणि कितीही घाट ओलांडले तरी तिचा भाव वाहतुकीत विरत नाही. अंतियोकियात हे सोने मोठ्या खाणींइतकेच नदीकाठी लाकडी परातीत वाळू धुणाऱ्या स्वतंत्र माणसांच्या हातून निघे. त्यांना मासामोर्रेरो म्हणत. या माणसांना कापड, लोखंडी अवजारे, मीठ लागे, आणि ते पुरवून भुकटी घेणारा व्यापारी मेदेयीनचा असे. मुख्य भांडवल जमले ते इथे, आणि कापडाची जाणही इथेच आली. पुढे १९०७ साली कोल्तेहेर गिरणी काढणारे आलेहांद्रो एचावार्रिया मुळात कापडाच्या आयातदार घराण्यातले. कोणत्या खेड्यात कोणता वाण खपतो, उधारी कुणाला द्यावी, हे त्यांना माग बसवण्याआधीच ठाऊक होते. उद्योजकतेचे गूढ म्हणून जे सांगितले जाते, त्यातले निम्मे या खतावण्यांत सापडेल.

सोन्यानंतर कॉफी. ती सोन्याइतकी हलकी नाही, पण खेचराचे भाडे भागवून शेतकऱ्याच्या हातात चार पैसे ठेवते. अंतियोकियाची कुटुंबे दक्षिणेकडचे उतार तोडत, वस्ती करत गेली. भूगोलतज्ज्ञ जेम्स पार्सन्स यांचे १९४९चे पुस्तक यावर आजही पहिले वाचावे असे आहे. लहान बागाईतदारांच्या या पट्ट्याने शहराला दोन गोष्टी दिल्या: रेल्वेला माल आणि गिरणीला गिऱ्हाईक.

रेल्वेची कथा मात्र सावकाश वाचण्यासारखी. क्यूबन अभियंता फ्रान्सिस्को हाविएर सिस्नेरोस यांच्याशी करार झाला १८७४ साली. माग्दालेनाच्या काठावरच्या पुएर्तो बेर्रीओहून काम सुरू झाले आणि रूळ मेदेयीनला पोहोचले १९१४मध्ये. चाळीस वर्षे! तेही सलग नव्हेत. मध्ये ला किएब्राची खिंड होती. दोन्ही बाजूंना आगगाडी, मधे डोंगर. माल उतरवायचा, घाटरस्त्याने पलीकडे न्यायचा, पुन्हा चढवायचा. १८६३मध्ये बोरघाटाचा रेल्वेमार्ग खुला होईपर्यंत मुंबई-पुणे प्रवाशांची खोपोली ते खंडाळा हीच गत होती. ला किएब्राखालून बोगदा काढता येईल, असे आलेहांद्रो लोपेस या विद्यार्थ्याने १८९९ साली मेदेयीनच्या खाणकाम विद्यालयातल्या आपल्या प्रबंधात मांडले होते. सुमारे पावणेचार किलोमीटरचा तो बोगदा १९२९मध्ये पुरा झाला. हे विद्यालय विसरू नये. खाणींसाठी काढलेल्या त्या संस्थेतून रेल्वेचे, गिरण्यांचे आणि नगरपालिकेचे कारभारी निघाले, आणि लोपेस यांनीच तिथे पुढे कारखाना-व्यवस्थापनाचे धडे दिले.

आता गिरणीकडे पुन्हा पाहावे. घाटाने यंत्रे महाग केली, पण परदेशी कापडही महाग केले. त्यात राष्ट्राध्यक्ष राफाएल रेयेस यांच्या राजवटीने १९०५ साली आयात-जकात वाढवली. डोंगर आणि जकात अशा दोन भिंतींच्या आत देशी कापडाला जागा झाली. उतारावरून येणाऱ्या ओढ्यांनी फुकटची शक्ती दिली. त्यामुळे डोंगर असूनही उद्योग आला की डोंगरामुळे आला, हा वाद मला फारसा फलदायी वाटत नाही. डोंगराने कुणाचा खर्च वाढवला आणि कुणाचा वाचवला, हे वर्षवार मोजणे अधिक उपयोगाचे.

पण खर्चाच्या या हिशेबात माणसे हरवतात, आणि मेदेयीनच्या बाबतीत माणसे म्हणजे प्रथम बायका. सुरुवातीच्या गिरण्यांत मागावर बहुसंख्येने मुलीच होत्या, बऱ्याचशा आसपासच्या खेड्यांतून आलेल्या. फेब्रुवारी १९२०मध्ये उत्तरेकडच्या बेयो गावातल्या गिरणीत सुमारे चारशे कामगार स्त्रियांनी संप केला. बेत्साबे एस्पिनाल ही त्यांची पुढारी. मागण्या पाहा: पगारवाढ, कामाचे तास कमी, अंगचटीला येणाऱ्या मुकादमांना काढून टाकावे, आणि कामावर पायात जोडे घालू द्यावेत. शेवटची मागणी वाचताना अभ्यासक अडखळतो. गिरणीत अनवाणी यायचा दंडक होता. साधारण तीन आठवड्यांनी मालक नमला. पुरुष कामगार बहुतांशी संपाबाहेर राहिले होते, हेही नोंदवून ठेवावे.

त्याच वर्षी फाब्रिकातो ही कंपनी स्थापन झाली आणि १९२३ला तिची गिरणी बेयोतच सुरू झाली. या पिढीच्या मालकांनी संपातून धडा घेतला, पण आपल्या पद्धतीने. अविवाहित मुलींसाठी जोगिणींच्या देखरेखीखालची वसतिगृहे, प्रार्थना, सहली, सौंदर्यस्पर्धा. आणि लग्न किंवा गरोदरपण उघड झाले की नोकरी गेली. अॅन फार्न्सवर्थ-अल्वेअर यांनी २०००च्या पुस्तकात कंपन्यांची कर्मचारी-कार्डे आणि वृद्ध कामगारांच्या मुलाखती शेजारी ठेवून हे जग उभे केले. कार्डावर 'उद्धट' असा शेरा, मुलाखतीत त्याच घटनेचे हसत सांगितलेले वर्णन. या विषयातले एकच पुस्तक वाचणार असाल तर हे वाचा. साठच्या दशकापर्यंत मागांवर पुरुष आले. मुंबईच्या गिरण्यांतूनही बायकांचे प्रमाण असेच ओसरले, पण तिथली कारणे वेगळी होती. तुलना करण्याची घाई करू नये, टाळूही नये.

नंतरचा भाग थोडक्यात. कोल्तेहेरने १९७२ साली सुईसारखा टोकदार १७५ मीटर उंच मनोरा बांधला, तोही शहराचे लाडके हुनीन नाट्यगृह पाडून. पाठोपाठ तस्करीचे कापड, कृत्रिम धागे आणि आयात यांनी गिरण्यांचे कंबरडे मोडले. १९७८पर्यंत कोल्तेहेर बाहेरच्या उद्योगपतीच्या ताब्यात गेली. धास्तावलेल्या स्थानिक कंपन्यांनी एकमेकींचे भाग विकत घेऊन तटबंदी केली आणि ती चार दशके टिकली.

वीज हा ओझे नसलेला माल, आणि या डोंगरांनी तो भरपूर दिला. १९५५मध्ये स्थापन झालेली नगरपालिकेच्या मालकीची ईपीएम ही वीज-पाणी कंपनी आपल्या नफ्याचा मोठा वाटा शहराच्या तिजोरीत भरते. खेड्यातून येऊन उतारांवर झोपड्या बांधणाऱ्यांसाठी २००४ साली सुरू झालेली मेट्रोकेबल हा रज्जुमार्ग, तिथली ग्रंथालये, शाळा यांमागे हा पैसा आहे. जगभरचे नगररचनाकार याला चमत्कार म्हणतात. मी तो शब्द वापरत नाही. सार्वजनिक मालकीच्या कंपनीने अर्धे शतक नियमित नफा दिला, तर काय करता येते, याचा तो हिशेब आहे. त्याच हिशेबाच्या दुसऱ्या बाजूला ईपीएमच्या वीजनिर्मितीच्या जलाशयासाठी १९७८मध्ये पाण्याखाली गेलेले जुने पेन्योल गाव आहे.

साधने विपुल आहेत. मेलितोन रोद्रीगेस यांच्या छायाचित्रांचा संग्रह शहराच्या सार्वजनिक पिलोतो ग्रंथालयात आहे, व्यापारी घराण्यांची बरीच कागदपत्रे आता एआफित विद्यापीठात. स्पॅनिश मात्र शिकावी लागेल. वर्षभरात कामापुरती येते. नव्याने येणाऱ्याने गिरण्यांकडे पुन्हा वळण्याआधी दोन जागा पाहाव्यात. एक, कॉफी सोलण्या-निवडण्याच्या गोदामांतल्या बायका, ज्यांच्यावर गिरणीतल्या मुलींच्या मानाने फारच थोडे लिहिले गेले. दुसरी, उतारावरच्या घराघरांत तयार कपड्यांच्या कंपन्यांसाठी होणारे शिवणकाम. तिथे कर्मचारी-कार्डे नाहीत, वसतिगृहे नाहीत, मुकादमही नाही. मुलाखती घेणे एवढाच मार्ग आहे, आणि तो आताच घ्यायला हवा.