भीड नसलेला निरीक्षक

आसनगावच्या फलाटावर असाल किंवा मुरबाडच्या एसटीत, आजची गोष्ट तुमच्या हातातल्या मोबाईलचीच आहे.

बीएडला असताना शहापूर तालुक्यातल्या एका शाळेत माझा सरावपाठ होता. मैत्रिणींनी निरीक्षणात लिहिलं, 'प्रश्न छान विचारले.' मी खूश! शाळेची परवानगी घेऊन मागच्या बाकावर मोबाईल लावला होता. रात्री रेकॉर्डिंग पाहिलं, तर काय? प्रश्न विचारत होते मी आणि लगेच उत्तरही मीच देत होते. खिडकीजवळच्या मुलीचा हात तीनदा अर्धा वर येऊन खाली गेला. वर्गात मला तो दिसलाच नव्हता.

स्वतःला बघून शिकण्याची ही रीत आली कुठून? १९६३ च्या सुमारास अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट अ‍ॅलन आणि सहकाऱ्यांनी 'मायक्रोटीचिंग' सुरू केलं. मोजकी मुलं, काही मिनिटांचा पाठ, एकच कौशल्य. पाठ व्हिडिओ टेपवर घ्यायचा, बघायचा, सुधारून पुन्हा घ्यायचा. व्हिडिओ टेप रेकॉर्डर तेव्हा नवाच होता, १९५६ मध्ये बाजारात आलेला, आणि महागडा.

भारतात १९६७ मध्ये अलाहाबादला डी. डी. तिवारींनी हा प्रयोग केला. पुढे बडोदा, इंदूर आणि एनसीईआरटीत त्याला आपल्याला परवडेल असं रूप मिळालं. कॅमेरा गेला. सोबतचेच विद्यार्थी झाले, तेच निरीक्षक. चक्र ठरलं ३६ मिनिटांचं: पाठ ६, प्रत्याभरण ६, पुनर्नियोजन १२, पुन्हा पाठ ६, पुन्हा प्रत्याभरण ६. कॅमेरा लागत नव्हता, म्हणूनच हे सूक्ष्म अध्यापन साध्यासुध्या कॉलेजांतही रुजलं. पण मैत्रीण भिडेखातर बरोबरची खूण करते. कॅमेऱ्याला भीड नसते.

आता तो कॅमेरा खिशात परत आलाय. पण एक सांगते, तो फक्त काय झालं ते दाखवतो. का झालं, हे आपणच स्वतःला विचारायचं. ३६ पैकी सगळ्यात जास्त, १२ मिनिटं त्यासाठीच तर ठेवली होती! मला उत्तर मिळालं: वर्गातल्या शांततेची मला भीती वाटत होती.

पुढचा पाठ मुरबाडला. प्रश्न विचारला आणि मनात पाचपर्यंत मोजायचं ठरवलं. एक, दोन, तीन... चारला मागच्या बाकावरून उत्तर आलं, ठाकरी बोलीत. बरोबर होतं.