पाचाड

रायगड जिल्ह्याच्या महाड तालुक्यातील, रायगड किल्ल्याच्या पायथ्याचे गाव. महाडहून नाते-कोंझरमार्गे सुमारे 25 किमी. पुण्याकडून ताम्हिणी घाट उतरून निजामपूरवरून येणारी वाटही येथेच मिळते.

पाचाडला नुसता पायथा म्हणणे अपुरे आहे. 1656 मध्ये जावळीच्या मोऱ्यांकडून रायरी शिवाजी महाराजांकडे आली आणि पुढे ती रायगड या नावाने राजधानी झाली. डोंगरमाथ्यावरच्या राजधानीला खाली सपाट जागा, पाणी व वाटांचा मेळ लागतो. तो पाचाडात होता. गडाच्या पोटातला हा मोकळा भाग राजधानीचाच एक मजला मानावा.

गावाची खरी ओळख जिजाबाईंचा वाडा. गडावरचा गार, बोचरा वारा उतारवयात त्यांना मानवेना, म्हणून महाराजांनी तो खाली बांधून दिला, असे सांगतात. आज दगडी तटाच्या आत इमारतींची जोती आणि दोन विहिरी उरल्या आहेत. त्यांपैकी एकीच्या काठावर टेकून बसायला घडीव दगडी आसन आहे, म्हणून ती तक्क्याची विहीर. पाणी भरायला येणाऱ्या बायकांची विचारपूस आऊसाहेब तेथे बसून करीत, अशी आठवण गावात सांगितली जाते. तिला कागदाचा आधार मागण्यात फारसा अर्थ नाही. राजवाड्यातली विहीर गावाला मोकळी होती, एवढे ती सांगते.

6 जून 1674 रोजी गडावर राज्याभिषेक झाला. त्यानंतर अकराव्या दिवशी, ज्येष्ठ वद्य नवमीला (17 जून) जिजाबाईंचे पाचाडात निधन झाले. त्यांची समाधी गावातच आहे. 1689 मध्ये रायगड मोगलांकडे गेला, पुढे तो पुन्हा मराठ्यांकडे आला आणि मे 1818 मध्ये कर्नल प्रॉथरच्या इंग्रज फौजेने तो पेशव्यांकडून घेतला. राजधानी गेल्यावर पाचाड पुन्हा भातशेतीचे डोंगराळ खेडे झाले.

आता गावाचे वर्ष गडाच्या दिनदर्शिकेवर चालते. चैत्री पौर्णिमेची शिवाजी महाराजांची पुण्यतिथी, आणि राज्याभिषेक तारखेने 6 जूनला व तिथीने ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला: या दिवसांत घरगुती खानावळींत पिठले-भाकरीला उसंत नसते. त्यांतला राज्याभिषेकाचा काळ नेमका पाऊस सुरू होण्याचा, पेरणीचा. जुलै 2025 मध्ये रायगडाचा समावेश असलेली मराठा लष्करी स्थळे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. मात्र शेजारच्या हिरकणीवाडीचा रोपवे 1996 पासून सुरू असल्याने अनेक प्रवासी थेट तिकडे जातात आणि वाटेतला वाडा व समाधी पाहायची राहून जातात.