दिवाळे आणि नादारी

दिवाळे (न.) : देणी फेडण्याची ऐपत संपणे आणि ती संपल्याचे चारचौघांत उघड होणे. या अर्थातला उत्तरार्ध महत्त्वाचा आहे. कर्ज डोक्यावर असणे म्हणजे दिवाळे नव्हे. दिवाळे ‘निघते’, ‘वाजते’, म्हणजे ते लोकांना कळते. शब्दाची व्युत्पत्ती वादग्रस्त असली तरी तो ‘दिवा’शी जोडण्याची परंपरा जुनी आहे. बुडालेला व्यापारी पेढीवर मोठा दिवा लावून काही काळ दिसेनासा होई आणि हिशेब मांडून उरलेली मालमत्ता धनकोंत वाटली गेली की परत येई, अशी रीत मुंबईत १८०८ साली छापलेल्या ड्रमंडच्या गुजराती-मराठीविषयक पुस्तकात नोंदलेली आहे. त्या दिव्याकडे आपण नामुष्कीची खूण म्हणून पाहतो. पण तो आधी सूचना होता : इथले व्यवहार थांबले आहेत, ज्याचे येणे असेल त्याने हिशेबाला यावे. कायदा ज्याला दिवाळखोरी म्हणतो तिचे बीज या सूचनेत आहे. बोलीभाषेने मात्र सूचना विसरून फक्त नामुष्की जपली.

हा बदल प्रत्ययातच दिसतो. ‘-खोर’ हा फारसीतून आलेला प्रत्यय मराठीत सवयीचा आणि दुर्गुणाचा वाचक आहे : लाचखोर, भांडखोर, हरामखोर. दिवाळे निघालेल्या माणसाला ‘दिवाळखोर’ म्हटले की त्याची परिस्थिती त्याचा स्वभाव ठरते. ‘वैचारिक दिवाळखोरी’ हा वृत्तपत्रांचा लाडका शब्दप्रयोगही या दूषणावरच उभा आहे. याउलट ‘नादार’ म्हणजे ज्याच्याजवळ नाही तो, एवढेच. शाळांमध्ये गरीब विद्यार्थ्याला मिळणाऱ्या फीमाफीला ‘नादारी’ म्हणत. ती अर्ज करून मिळवायची सवलत होती. कायद्यातली दिवाळखोरी या शालेय नादारीच्या अधिक जवळची आहे, असे या नोंदीचे प्रतिपादन आहे.

पुरावा कायद्यातच सापडतो. १८२८च्या ब्रिटिश कायद्याने मुंबईत जे न्यायालय स्थापले, त्याच्या नावातच ऋणकोंना दिलासा देण्याचा हेतू होता. १८७५ साली सुपे आणि आसपासच्या गावांत शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. त्यानंतर दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी आलेल्या १८७९च्या कायद्याने कर्जापायी त्यांना तुरुंगात टाकणे बंद केले आणि नादारीची वाटही दिली. पुढे मुंबई, कलकत्ता व मद्रास या शहरांसाठी १९०९चा आणि इतरत्र १९२०चा कायदा आला. या कायद्यांनुसार कफल्लक असल्याने कोणी नादार होत नाही. न्यायालयाने तसा आदेश द्यावा लागतो. मग त्याची मालमत्ता सरकारी अधिकाऱ्याकडे जाते आणि तिची वाटणी होते. पण सगळी नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० खाली जप्तीतून सुटणाऱ्या वस्तू इथेही सुटतात : अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, धर्मरीतीनुसार स्त्रीला उतरवता येत नाहीत असे दागिने. यादी वाचताना एक स्वयंपाकघर डोळ्यांसमोर उभे राहते. माणूस उद्या पुन्हा चूल पेटवील आणि कामाला लागेल, हे कायद्याने धरलेले आहे. शेवटी मुक्तीचा आदेश मिळाला की बहुतेक जुनी देणी संपतात. त्याच संहितेचे कलम ५५ तर असे सांगते, की पैशाच्या हुकूमनाम्यापायी अटक होऊन समोर आलेल्या ऋणकोला ‘तुम्ही नादारीसाठी अर्ज करू शकता’ हे न्यायालयानेच सांगावे.

यावर पहिला आक्षेप असा, की मग लबाडांचे फावेल. हा धोका खरा आहे आणि कायदा तो ओळखतो. अर्जाआधी बायकोमुलांच्या नावावर केलेली मालमत्ता, एखाद्याच धनकोला आधी गुपचूप चुकते केलेले पैसे, असे व्यवहार ठरावीक मुदतीत झाले असतील तर १९२०च्या कायद्याच्या कलम ५३ व ५४ खाली उलटवता येतात; हिशेबाच्या वह्या लपवणे हा गुन्हा आहे. म्हणजे बुडालेला आणि बुडवणारा हे दोघे कायद्यात वेगळे आहेत. त्यांना एका शब्दात कोंबते ती बोली. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : लाजेमुळेच तर बाजार सचोटीने चालतो. मराठीत ‘पत’ म्हणजे उधारीची लायकी आणि अब्रूही. हुंडीचा सारा व्यवहार तिच्यावर चाले. धनको आणि ऋणको एकाच पेठेत राहत होते तोवर हे खरे होते. आज कोणाची पत किती याची नोंद पतमाहिती कंपन्यांकडे असते, ती लाजेवाचूनही सावकाराला सावध करते. शिवाय नादाराला किंमत मोजावी लागतेच : संविधानाच्या अनुच्छेद १०२ व १९१ नुसार मुक्ती न मिळालेला नादार खासदार वा आमदार होऊ शकत नाही. मुक्ती मिळाली की हा अडसर दूर होतो. लाजेला अशी मुदत नसते.

कंपन्यांना लाज नसते, म्हणून त्यांच्याबाबत कायदा मोकळेपणाने पुढे गेला. २०१६च्या नादारी व दिवाळखोरी संहितेने आधी कंपनी वाचवण्याचा प्रयत्न ठेवला : थकबाकी किमान एक कोटी (२०२० पूर्वी एक लाख), तोडग्याला मूळ मुदत १८० दिवस, धनकोंच्या समितीत ६६ टक्के मते. तोडगा फसला तरच मालमत्ता विकून कंपनी गुंडाळायची. त्यामुळे न्यायाधिकरणाने अर्ज दाखल करून घेताच ‘कंपनी दिवाळखोर’ अशी बातमी देणे चूक आहे. जेट एअरवेजचा अर्ज जून २०१९ मध्ये दाखल झाला. सर्वोच्च न्यायालयाने ती गुंडाळण्याचा आदेश दिला नोव्हेंबर २०२४ मध्ये. याच संहितेत साध्या माणसासाठीही ‘नवी सुरुवात’ लिहिलेली आहे : वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांपर्यंत, मालमत्ता २०,००० पर्यंत, कर्ज ३५,००० पर्यंत आणि स्वतःचे घर नाही, अशांसाठी. पण व्यक्तींविषयीचा तो भाग २०१९ मध्ये लागू झाला तो कंपन्यांच्या जामीनदारांपुरताच. भाजीवाला, रिक्षावाला, छोटा दुकानदार यांना अजून १९०९ आणि १९२०च्याच कायद्यांचे दार ठोठावावे लागते. तिथे अर्ज करायला कर्जाची किमान रक्कम शंभर वर्षांपूर्वीचीच आहे : ५०० रुपये.