बापाची राहिलेली शर्यत

मी मूळचा सातारा जिल्ह्यातला. फौजेतून निवृत्त झालो आणि चंडीगडलाच राहिलो. आज लढाईचा इतिहास सांगणार नाही. आज या शहरातल्या मैदानांच्या कडेला उभ्या राहिलेल्या बापांचा इतिहास सांगतो. त्यांच्यात मीही आलो.

चंडीगड फाळणीच्या जखमेतून उभं राहिलं. लाहोर पाकिस्तानात गेलं, पंजाबला नवी राजधानी हवी होती. ल कॉर्बुझिए यांनी सेक्टर आखले, मध्ये मोकळ्या हिरव्या जागा सोडल्या. सर्वस्व गमावलेली माणसं इथे नव्याने संसार मांडायला आली.

मिल्खासिंग त्यांतलेच. त्यांचे आई-वडील फाळणीच्या दंगलीत मारले गेले. फौजेने तीनदा नाकारलं, चौथ्यांदा घेतलं. सिकंदराबादला ईएमईत असताना ते धावायला लागले. चांगलं धावणाऱ्या जवानाला जास्तीचं दूध मिळायचं, हे आकर्षण मोठं होतं. १९५८ मध्ये कार्डिफला राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळालं. १९६० मध्ये रोमला ४०० मीटरमध्ये चौथा क्रमांक आला. कांस्यपदक सेकंदाच्या जेमतेम दशांशाने हुकलं.

हाच माणूस पुढे चंडीगडला स्थायिक झाला आणि उघड सांगायचा की माझ्या मुलाने खेळाडू होऊ नये. खेळातली उपासमार आणि उपेक्षा त्यांनी भोगली होती. पण मुलगा जीव गोल्फकडे वळला. १९९८ मध्ये युरोपियन टूरवर खेळणारा तो पहिला भारतीय ठरला, २००६ मध्ये त्याने चायना ओपन जिंकली. वडिलांना १९५९ मध्ये पद्मश्री, मुलाला २००७ मध्ये. बापाचा विरोध होता, पण त्याने दार बंद केलं नाही.

याच शहरातले दुसरे वडील योगराजसिंग. वेगवान गोलंदाज, पण वाट्याला एकच कसोटी आली. मुलगा युवराज लहानपणी रोलर स्केटिंगमध्ये तरबेज होता, त्याने राष्ट्रीय स्पर्धा जिंकली होती. वडिलांनी ते पदक फेकून दिलं आणि क्रिकेट खेळायला सांगितलं. पुढे २०११ च्या विश्वचषकात युवराज स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. तुम्ही म्हणाल, म्हणजे बापाचं बरोबरच होतं! असेलही. पण असे किती बाप पदकं फेकतात आणि किती मुलं युवराज होतात, याचा हिशेब कोणी मांडत नाही.

एका बापाने 'खेळू नकोस' म्हटलं, दुसऱ्याने 'हेच खेळ' म्हटलं. वरवर पाहता दोघं विरुद्ध टोकांना दिसतात. मला मात्र दोन्ही वाक्यांमागे एकच गोष्ट दिसते: बापाची स्वतःची राहून गेलेली शर्यत.

तिसरं उदाहरण अभिनव बिंद्राचं. आई-वडिलांनी घरीच नेमबाजीची रेंज उभारून दिली. त्याच्यातला नेमबाज आधी ओळखला तो लेफ्टनंट कर्नल जागीरसिंग ढिल्लों या फौजी माणसाने. तेच त्याचे पहिले प्रशिक्षक. २००० मध्ये सिडनीला पदक नाही, २००४ मध्ये अथेन्सला नाही. ११ ऑगस्ट २००८ रोजी बीजिंगमध्ये सुवर्ण, भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण. इतकी वर्षं धीर धरणं सोपं नसतं, विशेषतः पैसा आपला लागलेला असताना.

आणि बापाच्या जागी उभं राहायला रक्ताचं नातं लागतंच असंही नाही. आपल्या खाशाबा जाधवांना १९५२ मध्ये हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले. प्राचार्यांना स्वतःला काही आखाड्यात उतरायचं नव्हतं.

आता माझं सांगतो. तरुणपणी सर्व्हिसेसच्या क्रॉसकंट्री संघात माझी निवड थोडक्यात हुकली होती. चंडीमंदिरला पोस्टिंग असताना मुलगा बारा वर्षांचा होता आणि छान धावायचा. मी त्याला रोज पहाटे सुखना तलावावर न्यायचो. माझ्या हातात स्टॉपवॉच. घरी आल्यावर 'दमलास का?' असं मी कधी विचारलं नाही. 'कालच्यापेक्षा चार सेकंद जास्त का?' एवढंच विचारायचो.

सोळाव्या वर्षी त्याने बूट काढून ठेवले. म्हणाला, "बाबा, तुम्ही घड्याळ घेऊन उभे राहिलात की माझ्या पोटात दुखतं." मी त्याला आळशी म्हणालो. फौजेत शेकडो जवान सांभाळले, त्यांच्या चेहऱ्यावरून कळायचं की कोण आजारी आहे. घरातलं पोर चार वर्षं कळलं नाही.

परवा सुट्टीत तो आला होता. त्याच्या मुलीला घेऊन आम्ही सुखनावर गेलो. ती धावली, पडली, मग वाटेत बदकं बघत बसली. मुलगा माझ्याकडे पाहत होता, मी काय बोलतो म्हणून. मी काही बोललो नाही. त्याच्या शेजारी बाकावर बसलो. थोड्या वेळाने तोच म्हणाला, "बाबा, उद्या आपण दोघं जाऊ या का, हळूहळू?"

तेव्हा मंडळी, मुलाला मैदानावर जरूर न्या. बूट घेऊन द्या, चांगला गुरू शोधून द्या. नेण्याआधी मात्र स्वतःला एकदा विचारा, ही शर्यत नक्की कोणाची आहे?

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.