आजीची ओवी कोणत्या फोल्डरमध्ये आहे?

आज इतिहासाची गोष्ट, पण सुरुवात माझ्या मोबाइलपासून.

माझी आजी दारव्हा तालुक्यातली. ती जात्यावरच्या ओव्या म्हणायची, मी फोनवर रेकॉर्ड करायचो. ती विचारायची, "माहा आवाज काहून भरून ठेवतं रे बाप्पा?" ती गेल्यावर वर्षभरानं फोनचं स्टोरेज फुल्ल झालं. बीटेक झालेला मी, नुसते आकडे असलेल्या फाइली न ऐकताच उडवल्या. त्यात ओव्याही गेल्या. एकच वाचली, कारण ती मी 'रिंगटोन्स' फोल्डरमध्ये टाकली होती.

आता खरा इतिहास. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी सहकाऱ्यांसोबत महाराष्ट्रातल्या गावागावांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल हे संगणक आणि संगीत दोन्ही जाणणारे अभ्यासक त्यांना येऊन मिळाले. त्यांनी डेटाबेस बांधला. ओवी कुणी गायली, गाव कोणतं, सगळी नोंद. म्हणून त्यातल्या काही ओव्या आज 'परी'च्या वेबसाइटवर शोधून ऐकता येतात. टेपमुळे आवाज टिकला, पण सापडतो तो नोंदीमुळे.

आपल्या फोनमध्येही तेच. 'अलार्म्स', 'रिंगटोन्स', 'नोटिफिकेशन्स' हे सिस्टिमच्या आवाजांचे फोल्डर. अँड्रॉइड १२ पासून, म्हणजे २०२१ पासून, 'रेकॉर्डिंग्ज' असा वेगळा फोल्डरही आला. घरच्यांचे आवाज तिथं हलवा. फाइलला माणसाचं नाव, गाव आणि तारीख द्या. एक कॉपी फोनबाहेर ठेवा.

माझ्याकडे एकच ओवी उरली. फोन वाजला की उचलायला मी थोडा उशीरच करतो.