आगगाडीतली पायाची कळ

आगगाडीचा इतिहास सांगायचा म्हटला की आपण इंजिनापासून सुरुवात करतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, तिला चौदा डबे होते, त्यांत चारशे पाहुणे बसले होते, हे शाळेतला मुलगाही सांगेल. घाट कसा फोडला, पूल कसे बांधले, याच्या हकीकती आपण आवडीने ऐकतो. परंतु डब्यात बसलेल्या माणसाला वाटेत शौचाला लागले तर तो काय करीत असे, हे कोणी विचारीत नाही. विषय चारचौघांत काढण्याजोगा नाही, असे आपण धरून चालतो. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र असा संकोच करून चालत नाही. माणसे एकमेकांना कशी वागवतात, हे दरबारापेक्षा अशाच जागी लवकर कळते.

म्हणून वाचकहो, आज मी आपल्याला एका लहानशा कळीची गोष्ट सांगणार आहे. ही कळ आगगाडीच्या शौचकुपात जमिनीलगत बसवलेली असते आणि ती पायाने दाबायची असते. दाबली की पाणी सुटते आणि घाण निघून जाते. कुठे निघून जाते? या लेखातला खरा प्रश्न तोच आहे. पण त्याकडे जाण्याआधी थोडे मागे जाऊ.

पहिला प्रवास जेमतेम एकवीस मैलांचा होता. तास-सव्वा तासात गाडी ठाण्याला पोहोचली. एवढ्या अंतराला शौचकूप नसला तरी बिघडले नाही. पण लोहमार्ग झपाट्याने वाढत गेले आणि १८७० साली मुंबईहून कलकत्त्यापर्यंत रेल्वेने जाता येऊ लागले. आता प्रवास दिवसांचा आणि रात्रींचा झाला. वरच्या वर्गाच्या उतारूंना डब्यातच सोय मिळू लागली. खालच्या वर्गाच्या उतारूंनी स्टेशनावर गाडी थांबली की उतरायचे, विधी उरकायचा आणि शिट्टी व्हायच्या आत परत डब्यात चढायचे. पुरुषांची ही स्थिती, तर लेकुरवाळ्या बायांचे काय होत असेल, याची कल्पना आपणच करावी.

सरकारलाही ही गोष्ट अजिबात दिसत नव्हती असे नाही. १८९० च्या रेल्वे कायद्याचे ६४ वे कलम पाहा. १ जानेवारी १८९१ पासून प्रत्येक उतारू गाडीत सर्वांत खालच्या वर्गाचा निदान एक कप्पा स्त्रियांसाठी राखून ठेवावा, आणि गाडी पन्नास मैलांहून जास्त जाणार असेल तर अशा एका कप्प्याला शौचकूप असावा, असे त्यात सांगितले होते. म्हणजे कायद्याने दिलेली सोय पन्नास मैलांच्या पुढे सुरू होत होती, आणि तीही एकाच कप्प्यापुरती.

याच संदर्भात एका बंगाली उतारूचे पत्र प्रसिद्ध आहे. दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयामुळे ते पुष्कळांना ठाऊक झाले आहे. १९०९ साली ओखिलचंद्र सेन यांच्या नावाने साहिबगंजच्या रेल्वे कचेरीला लिहिलेले हे पत्र. फणस जास्त खाल्ल्याने पोट बिघडले, अहमदपूर स्टेशनावर ते उतरले, विधी चालू असतानाच गार्डाने शिट्टी दिली, आणि एका हातात लोटा व दुसऱ्या हातात धोतर धरून धावताना बायाबापड्यांदेखत ते फलाटावर पडले, अशी त्यातली तक्रार आहे. गार्डाला दंड करावा, अशी त्यांची मागणी होती. इंग्रजी मोडकेतोडके असल्यामुळे लोक ते पत्र वाचून हसतात. हसू येते खरे, पण शेवटी मनात राहते ती भरल्या फलाटावर झालेली एका माणसाची फजिती. या एका पत्रामुळे हिंदुस्थानात आगगाडीला शौचकूप आले, असे मोठ्या खुबीने सांगितले जाते. मघाचे कलम लक्षात घेतले तर ही गोष्ट इतकी सरळ नव्हती, हे आपल्या ध्यानात येईल. गाड्यांत शौचकूप त्याआधीच येऊ लागले होते. प्रश्न होता तो ते कोणाच्या वाट्याला येतात, हा.

आणि जिथे सोय आली तिथे ती कशी होती? १९१७ साली गांधीजींनी तिसऱ्या वर्गाच्या प्रवासावर एक लेख लिहिला. मुंबईहून मद्रासपर्यंतचा आपला प्रवास त्यांनी त्यात वर्णन केला आहे. साऱ्या प्रवासात डबा एकदाही झाडला गेला नाही, शौचकूप साफ झाला नाही आणि टाकीत पाणी नव्हते, असे ते लिहितात. तेव्हा नुसता शौचकूप बसवून भागत नाही. त्याला पाणी लागते, आणि ते पाणी सोडण्याची सोपी सोय लागते.

आता आपल्या कळीकडे वळू. घरातल्या शौचकुपाची सोय धावत्या गाडीत जशीच्या तशी चालत नाही. गाडी डुलते, हिसके बसतात. उभ्या माणसाला एका हाताने दांडा धरावा लागतो. पाणी मोजकेच असते. ते डब्याच्या टपावरच्या किंवा छताजवळच्या टाकीत साठवतात, ठरलेल्या स्टेशनांवर नळी लावून भरतात, आणि पुढचे स्टेशन येईपर्यंत त्यावरच भागवावे लागते. शिवाय अनेकांचा हात लागलेल्या मुठीला हात लावायला माणूस कचरतो. या सगळ्या अडचणींवर कारागिरांनी एक उपाय काढला. हात गुंतलेला असतो, पाय मोकळा असतो, तेव्हा काम पायाकडे द्यावे!

शिवणयंत्र चालवणाऱ्या शिंप्याला किंवा मागावर बसलेल्या विणकराला ही युक्ती नवी नाही. शाळेत आपण तरफ शिकवतो, तीच ही तरफ. एका टोकाला पाय, मध्ये टेकू, दुसऱ्या टोकाला पाण्याची झडप. पायाने पट्टी खाली दाबली की झडप उघडते आणि वरच्या टाकीतले पाणी स्वतःच्या वजनाने खाली येते. त्याला पंप लागत नाही, वीज लागत नाही. पाय उचलला की स्प्रिंग पट्टीला जागेवर आणते आणि पाणी थांबते. म्हणजे नळ चालू राहून टाकी रिकामी होण्याची भीती कमी.

युरोपातल्या थंड मुलखांत या कळीने आणखी एक काम केले. तिथे भांड्याच्या तळाशी एक झाकण असे. एरवी ते बंद असल्यामुळे खालचा गार वारा आणि धूळ आत येत नसे. पट्टी दाबली की पाणी सुटायचे आणि त्याच वेळी झाकण खाली झुकायचे. जर्मनीतल्या जुन्या डब्यांत अशी पट्टी होती, रशियातल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांतही होती, आणि जपानच्या जुन्या गाड्यांतही पाणी पायानेच सोडीत. यंत्र साधे, दणकट, कुठल्याही मेकॅनिकला दुरुस्त करता येईल असे. कारागिरी म्हणून तिला नावे ठेवायला जागा नाही.

पण झाकण खाली झुकले की उतारूला काय दिसायचे? खालून वेगाने मागे पळणारी खडी. म्हणजे घाण सरळ रुळांवर पडत होती. म्हणूनच गाडी स्टेशनात उभी असताना शौचकूप वापरू नये, अशी पाटी देशोदेशी लावलेली असे. रशियात तर स्टेशन जवळ आले की डब्याची परिचारिका शौचकुपाला कुलूपच लावीत असे. आपल्या देशातल्या डब्यांत बहुधा नुसते नळकांडे खाली सोडलेले असे. पाटी आपल्याकडेही होती. तिचा अर्थ नीट पाहा. शहराच्या फलाटावर घाण दिसू नये, एवढाच तिचा हेतू. गाडी फलाट सोडून शेताशिवारातून धावू लागली की हरकत नव्हती!

शेताशिवारात कोण असते? लोहमार्गाजवळ ज्यांची घरे आहेत त्या वाचकांना हे सांगायला नको. रुळांवरून रोज एक माणूस हातोडा आणि पाना घेऊन चालत जातो. त्याला कीमन म्हणतात. कुठली खीळ ढिली झाली, कुठला तुकडा निसटला, हे तो वाकून पाहतो आणि ठोकून घट्ट करतो. गँगमन खडी सारखी करतात. आपली गाडी रुळावर राहते ती या माणसांमुळे. डब्यात कोणी कळ दाबली की ती घाण त्यांच्या कामाच्या जागी पडत असे. आणि स्टेशनात, पाटी असूनही, जे पडायचे ते हाताने साफ करण्याचे काम पिढ्यान् पिढ्या ठरावीक जातींच्या माणसांकडे येत राहिले. डब्यातल्या उतारूचा हात स्वच्छ राहिला, याचे कारण दुसऱ्या कोणाचा तरी हात खाली राबत होता.

ही तक्रार प्रथम ठामपणे पुढे आली त्या देशांपैकी जपान एक. १९६० च्या दशकात तिथल्या रुळांवर काम करणाऱ्या कामगारांनी अंगावर उडणाऱ्या घाणीचा प्रश्न लावून धरला. १ ऑक्टोबर १९६४ रोजी तोक्यो ते ओसाका ही शिन्कान्सेन नावाची वेगवान गाडी सुरू झाली, तेव्हा तिच्या डब्यांखाली घाण साठवण्याच्या टाक्या पहिल्यापासूनच होत्या. जुन्या गाड्यांना मात्र पुढे कित्येक वर्षे लागली.

आपल्याकडे तिसरा वर्ग १९७४ साली बंद झाला, पण नळकांडे तसेच राहिले. या शतकाच्या आरंभी काही नव्या डब्यांत एक सुधारणा आली. घाण लगेच न सोडता साठवायची आणि गाडीने ताशी तीस किलोमीटरचा वेग घेतला की मग सोडायची. स्टेशने स्वच्छ राहिली, हे कबूल केले पाहिजे. पण पाटीने जे सांगितले होते तेच आता यंत्र करू लागले, इतकेच. शिवाराच्या वाट्याला आलेले शिवारातच राहिले.

खरा बदल घडला तो दोन बाजूंनी. एक बाजू लोखंडाची. मलमूत्रातल्या क्षारांनी रुळांचा तळ आणि त्यांना धरून ठेवणारे तुकडे गंजतात. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखाली रेल्वेच्या सुरक्षिततेचा विचार करणारी समिती नेमली होती. तिने २०१२ साली अहवाल दिला, आणि पाच वर्षांच्या आत सर्व डब्यांतून घाण रुळांवर पडणे बंद झाले पाहिजे, असे सांगितले. अशा घाणीत कामगारांना मार्गाची नीट तपासणी करता येत नाही, हेही त्यामागचे एक कारण होते. दुसरी बाजू माणसाची. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा कायदा २०१३ साली झाला. त्याच्या व्याख्येत रेल्वेच्या रुळांचा स्पष्ट उल्लेख आहे.

उपाय सापडला तो ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेत. बर्फाळ सीमेवरच्या जवानांची अडचण दूर करण्यासाठी तिथे विशिष्ट जिवाणूंवर काम चालू होते. हवेवाचून जगणारे हे जिवाणू मैल्याचे पाणी आणि वायू करून टाकतात. डब्याखाली पोलादी टाकी बसवायची, तिच्यात हे जिवाणू सोडायचे आणि उरलेले पाणी शुद्ध करून बाहेर जाऊ द्यायचे, अशी ही योजना आहे. जानेवारी २०११ मध्ये ग्वाल्हेर ते वाराणसी धावणाऱ्या बुंदेलखंड एक्सप्रेसला असे शौचकूप लागले. २०२१ पर्यंत सुमारे ७३ हजार डब्यांत मिळून अडीच लाखांहून अधिक शौचकूप या पद्धतीचे झाले. १८५३ पासून मोजले तर दीडशेहून अधिक वर्षे लागली.

यात अडचणी आल्याच नाहीत असे नाही. महालेखापरीक्षकांच्या २०१७ च्या अहवालात शौचकूप तुंबल्याच्या पुष्कळ तक्रारी नोंदल्या आहेत. जिवाणू मैला खातात, पण प्लॅस्टिकची बाटली, गुटख्याची पुडी आणि चिंध्या त्यांना पचत नाहीत. पूर्वी नळकांड्यात टाकलेली वस्तू रुळांवर पडून विसरली जायची. आता ती डब्याखाली अडकते आणि कोणाला तरी हात घालून काढावी लागते.

आणि आपली कळ? ती गेलेली नाही. २०२० साली करोनाच्या साथीत हात कशाला लावावा, कशाला लावू नये, याची चिंता साऱ्यांना पडली. त्या जुलै महिन्यात कपूरथळ्याच्या डब्यांच्या कारखान्याने एक खास डबा तयार केला. त्यात शौचकुपाचे दार, कडी, नळ, साबण आणि भांड्यात पाणी सोडणारी झडप, सारे पायाने चालवण्याची सोय होती. जुनीच युक्ती, पण या डब्यांच्या काळात घाण शिवारात पडत नव्हती. म्हणून मला वाटते की दोष कळीचा कधीच नव्हता. तिने तिचे काम चोख केले होते. घाण डोळ्यांआड झाली की ती संपली, असे समजणारे आपण होतो.

शिक्षक मित्रांनो, तरफेचा धडा शिकवाल तेव्हा मुलांना हे उदाहरण जरूर सांगा. मुले हसतील, हसू द्या. मग त्यांना विचारा की पट्टी दाबल्यावर पाणी कुठून आले आणि कुठे गेले? पहिल्या अर्ध्याचे उत्तर विज्ञानाच्या पुस्तकात सापडेल. दुसऱ्या अर्ध्यासाठी त्यांना रुळांवरून चालत जाणाऱ्या कीमनची आठवण करून द्यावी लागेल. आणि पुढच्या प्रवासात तुमच्या शेजारच्या उतारूने पुडी शौचकुपात टाकण्यासाठी हात उचलला, तर त्याला तेवढे सांगा, की ही टाकी उघडणारा माणूस पुढच्या कारशेडात उभा आहे.