मोतीबिंदू ‘पिकू द्या’ हा सल्ला आला कुठून?

कळमनुरीकडच्या आजी-आजोबांशी ऑपरेशनचा विषय काढला की उत्तर ठरलेलं असतं, "अजून पिकला नाही, पिकल्यावर बघू." हा सल्ला आज चुकीचा आहे, पण तो कुणी उगाच शोधून काढलेला नाही.

सुश्रुत संहितेत सांगितलेल्या पद्धतीत गढूळ भिंग सुईसारख्या शलाकेने नजरेसमोरून बाजूला सारत. भिंग डोळ्यातच राही. ते बाहेर काढण्याची पद्धत 18व्या शतकात फ्रान्सच्या जाक दाविएल यांनी रुजवली. कच्च्या मोतीबिंदूचा चिकट भाग मात्र आत अडकून राहायचा, डोळ्याला सूज यायची. पिकलेला मोतीबिंदू त्यामानाने सुटसुटीत निघे. म्हणून वाट पाहायची!

पुढे आवरणासकट अख्खं भिंग काढू लागले. त्यासाठी जखम मोठी करावी लागे, त्यामुळे डोकं न हलवता पडून राहा, खोकू नका, असा दंडक असे. आपल्याकडच्या नेत्रशिबिरांत हीच शस्त्रक्रिया व्हायची. मग मिळायचा सुमारे +10 नंबरचा जाड चष्मा. त्यातून वस्तू पाव पटीने मोठ्या दिसत, चौकट वाकडी भासे, बाजूचं माणूस अचानक पुढ्यात येई. एकाच डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल तर एकाच्या दोन प्रतिमा दिसत. आणि चष्मा फुटला की माणूस पुन्हा आंधळा. ऑपरेशन कागदावर यशस्वी, पण आजीला सुईत दोरा ओवता येईना, अशी गत.

29 नोव्हेंबर 1949 रोजी लंडनमध्ये हॅरोल्ड रिडली यांनी पहिलं कृत्रिम भिंग बसवलं. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत घुसलेले ॲक्रिलिकचे तुकडे डोळा सहन करतो, हे त्यांनी पाहिलं होतं. पहिल्या रुग्णाला मात्र जबर उणे नंबर आला, कारण भिंगाच्या ताकदीचा हिशेब चुकला होता. आज ऑपरेशनआधी डोळ्याची लांबी मोजतात ती याचसाठी. सुरुवातीची कित्येक भिंगं सरकली, काही काढावीही लागली.

1992 पासून मदुराईच्या ऑरोलॅबने भारतात स्वस्त भिंगं बनवायला घेतली. 1994 नंतर जागतिक बँकेच्या मदतीने राबवलेल्या मोतीबिंदू प्रकल्पात महाराष्ट्रही होता. शिबिराच्या तंबूतून ऑपरेशन रुग्णालयात आलं, जाड चष्मा हळूहळू मागे पडला.

आता उलट आहे. फार पिकलेला मोतीबिंदू कठीण होतो, कधी फुगून डोळ्याचा दाब वाढवतो, आणि दाबाने गेलेली नजर ऑपरेशननेही परत येत नाही. दैनंदिन कामं अडू लागली की ऑपरेशन करून घ्यावं.

काही महिन्यांनी, वर्षांनी पुन्हा धूसर दिसलं तर मोती ‘परत’ येत नाही. भिंगामागचा पातळ पडदा गढूळ होतो, तो लेसरने काही मिनिटांत मोकळा करता येतो. पण ऑपरेशननंतरच्या दिवसांत डोळा ठणकला, लाल झाला, नजर एकदम कमी झाली तर जंतुसंसर्ग असू शकतो. तेव्हा बाजाराच्या दिवसाची वाट पाहू नका, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. रात्र झाली असली तरी.